फार्मिंग सिम्युलेटरचा पुढचा भाग आपल्या वावरात उतरेल का?

काळीमाती (राळेगाव तालुका, यवतमाळ)

रामराम मंडळी.

काल आमच्याकडे कापसाचा दुसरा वेचा (वेचणी) होता. अकरा बाया दव वाळल्यावर लागल्या त्या दिवस कलेपर्यंत. सायंकाळी काट्यावर चार क्विंटलला पाच किलो कमी भरला. मजुरी वाटली, जेवलो आणि रात्री दहाला कॉम्प्युटर लावला. फार्मिंग सिम्युलेटर या शेती करायच्या कॉम्प्युटर खेळातही माझा कापूसच उभा होता. मशीन घातली. सहा ओळी एकदम घेत ती पुढे जाते आणि मागून बांधलेली गठाण सोडते. अर्ध्या तासात सगळं रान बोडकं.

मला ती मशीन आवडते, खोटं कशाला बोलू. पण काल पहिल्यांदा मनात आलं की या खेळात कापूस आहे, पण कापसाचं वावर नाही. म्हणून हा धागा.

मालिकेचा प्रवास थोडक्यात सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. स्वित्झर्लंडच्या झुरिच भागातल्या जायंट्स सॉफ्टवेअरनं २००८ मध्ये पहिला भाग काढला. मी ‘फार्मिंग सिम्युलेटर २०१३’ पासून खेळतोय, मामाच्या जुन्या कॉम्प्युटरवर. १५ मध्ये जंगलतोड आली. १७ मध्ये सोयाबीन, सूर्यफूल आणि रेल्वे आली. सोयाबीन दिसलं तेव्हा मी घरात ओरडून सांगितलं होतं. १९ मध्ये घोडे आले, जॉन डियर आली आणि आपला कापूस आला. २२ मध्ये ऋतू आले, मालावर प्रक्रिया करणारे कारखाने आले, द्राक्षं आणि ऑलिव्ह आले. नोव्हेंबर २०२४ च्या २५ मध्ये धान आला, म्हैस आली, शेळ्या आल्या, पूर्व आशियाचा नकाशा आला आणि चाकाखाली माती दबायला लागली.

म्हणजे पिकं आपल्याकडे सरकत आलीत. शेत करायची पद्धत मात्र तिथेच आहे. सुरुवातीला लहान रान, मग कंत्राटं, मग कर्ज, मग मोठं रान, मग त्याहून मोठी मशीन. कर्ज एक बटण दाबलं की मिळतं. कामावर लावलेला माणूस थकत नाही. पाऊस पडला तर कापणी थांबते, पण पाऊस नाही पडला तर पिकाला काहीच होत नाही. खेळाच्या पंचांगात कापूस पावसाची वाटच बघत नाही. आमच्याकडे मृग कोरडा गेला की माणूस दिवसातून दहा वेळा आभाळाकडे बघतो, आणि एका पावसावर पेरून बसला तर दुबार पेरणी कपाळी येते. अख्खा हंगाम त्या पंधरा दिवसांत ठरतो. खेळात ते पंधरा दिवस नाहीतच.

हातात धरायच्या वस्तू बघा. झाड तोडायला चेनसॉ आहे, घोड्याला खरारा करायला ब्रश आहे, ट्रॅक्टर धुवायला पाण्याचा फवारा आहे. विळा नाही, खुरपं नाही. डवरा, म्हणजे ओळींतलं तण काढायचं बैलाचं अवजार, तर दूरच.

माझं म्हणणं एवढंच आहे. पुढच्या भागानं आणखी मोठं होण्यापेक्षा लहान व्हावं. चार एकर वावर घेऊन ते नीट करता यावं, पाऊस पिकाशी जोडला जावा आणि हातानं केलेलं काम हे काम म्हणून खेळात यावं. जगात चार-पाच एकरवाल्यांचीच संख्या जास्त आहे. ज्या खेळाचं नाव शेती आहे, त्यात त्यांना जागा नसावी हे मला पटत नाही.

तुम्हाला काय वाटतं? मोकळेपणानं लिहा.

---

सायबरकट्टा (काटोल)

चांगला विषय. मी पहिल्यापासूनचा खेळाडू आहे, थोडी दुसरी बाजू मांडतो.

ही मालिका मशीनवर उभी आहे. फेंट, क्लास, न्यू हॉलंड, जॉन डियर ही ट्रॅक्टर-मशीन कंपन्यांची खरी नावं, खरी मॉडेलं आणि खरे आवाज घेऊन ती वाढली. जर्मनीत ज्याच्या बापाकडे फेंट आहे, त्याचं पोरगं तोच फेंट खेळात चालवतं. घेणारा तिथला आहे. २०१९ पासून त्यांची लीग सुरू झाली, तीन-तीन जणांच्या टीम गठाणी उचलून कोठारात रचतात, लोक टाळ्या वाजवतात. या सगळ्यात डवऱ्याला जागा कोण देईल?

तरी तुमच्या बाजूचा एक मुद्दा सांगतो. १९ पर्यंत खेळ दुसरी कंपनी प्रकाशित करायची. २२ पासून जायंट्सनं स्वतः प्रकाशन हातात घेतलं. त्यानंतर तीन वर्षांत धान आणि आशियाचा नकाशा आला. हिंमत वाढली आहे असं मला वाटतं. आशियात पाय ठेवला, तर आज ना उद्या लहान रानाचा विचार करावाच लागेल, कारण इथे रानं लहानच आहेत.

---

मामातलाव (लाखांदूर तालुका, भंडारा)

धान आला म्हणून मी २५ घेतला. नुसता धानासाठी. आमच्या पट्ट्यात कापूस कोणी बघितलेला नाही, आमचं सगळं जगणं धानावर. म्हणून जरा बारकाईनं सांगतो.

पहिल्यांदा चांगलं ते सांगतो. त्यांनी भात दोन तऱ्हेचा ठेवला आहे. एक कोरड्यात पेरायचा, लांब दाण्याचा. दुसरा पाण्यात लावायचा. त्याची रोपं आधी तयार लागतात, मग ती मशीनवर चढवून बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या वावरात, रोवायची. बांधीत पाणी घ्यावं लागतं. पहिल्यांदा पाणी भरलं आणि त्यात आभाळ दिसलं तेव्हा मी बाबांना बोलावून दाखवलं. ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, चिखलणी कुठे आहे?

तिथेच गाडं अडते. आमच्याकडे पऱ्हे (धानाची रोपं) टाकल्यापासून रोवणीपर्यंत जे होते तेच तर धान करणं आहे. पऱ्हे उपटायचे, मुळाचा चिखल पाण्यात झटकायचा, पेंढ्या बांधायच्या, त्या बांधीत फेकत जायच्या. पेंढी कुठे पडावी याचाही अंदाज लागतो, रोवणाऱ्या बाईच्या हाताजवळ पडली पाहिजे. मग ओळीनं वाकून मागे मागे सरकत रोवणं. खेळात हे सगळं एका मशीनच्या मागच्या पाळण्यात बसलं आहे.

आणि पाणी. खेळात पाणी पंपानं येते, ज्याच्या त्याच्या बांधीपुरतं. आमच्याकडे पाणी तलावातून येते. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी लोकांनी बांधलेले. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते, पाळीनं. वरच्यानं धुऱ्यात (बांधात) मुंगस, म्हणजे पाणी उतरायची वाट, ठेवली नाही तर खालचा कोरडा. वरच्यानं खत टाकल्यावर पाणी सोडलं तर त्याचं खत खालच्याच्या बांधीत. शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय धान होतच नाही. हा खेळ चार-पाच जण मिळून खेळता येतो ना? मग पाण्याची पाळी हा त्यात किती मोठा खेळ होऊ शकतो! वरची बांधी माझी, खालची तुमची, तलाव एकच.

पुढच्या भागात एकच गोष्ट मागायची झाली तर मी उतरतं पाणी मागेन.

---

काळीमाती

मामातलाव भाऊ, हे वाचून अंगावर काटा आला. उतरतं पाणी हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आम्ही कोरडवाहू माणसं, आमची भांडणं धुऱ्याची आणि पांदणीची (वावरात जायच्या वाटेची).

---

रात्रपाळी (वरूड)

भाऊ, सगळं वाचलं. चुकीचं काहीच नाही. पण मी उलटं सांगतो, राग नका मानू.

माह्याकडे ३०० संत्र्याची झाडं हायेत. आंबिया बहार औंदा असा फुटला होता का बाबा म्हणे, दहा वर्षांत पाह्यला नाही. मंग ऑगस्टमध्ये पाऊस थांबलाच नाही. फळगळ लागली. सकाळी बगीच्यात गेलं का झाडाखाली हिरव्या फळाचा सडा. आधी आम्ही वेचून बाहेर फेकत होतो. मंग वेचणं सोडलं, किती वेचणार.

उन्हाळ्यात लाइट रात्रीची असली का मी मोटरीवर बसतो. बोअर खोल गेलेत, पाणी थांबून थांबून येते. थ्या टायमाले मी मोबाइलवर हा खेळ खेळतो, २३ वाला. गहू पेरतो. गहू येते. पुन्हा पेरतो, पुन्हा येते. जेवढं केलं तेवढं भेटते. मले रात्री दोन वाजता थेच पाह्यचं असते. केलं अन् झालं.

तुम्ही म्हणता पाऊस पिकाले जोडा. जोडला तर खेळातही माहं पीक जाईन. मंग मी कुठं जाऊ?

खेळात संत्रा आणा, हात जोडून सांगतो. ऑलिव्ह आलं, द्राक्षं आले, त्याच ओळीत संत्रा बसते. पण फळगळ नका आणू.

---

काळीमाती

रात्रपाळी दादा, तुमचं काल रात्री वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो, पण सुचलं नाही. आज लिहितो.

तुमचं खरं आहे. मी विचार करताना फक्त स्वतःचा विचार केला होता. मला खेळात माझं वावर पाहिजे, पावसासकट. तुम्हाला तुमच्या वावरातून घटकाभर सुटका पाहिजे. दोघंही एकाच खेळाकडे जातो.

२५ मध्ये गारपीट आणि वावटळ आली तेव्हा त्यांनी ती सेटिंगमधून बंद करता येईल अशी ठेवली. पावसाचंही तसंच ठेवता येईल. ज्याला पाहिजे त्यानं चालू करावं. माझ्या मूळ मागणीतला हा भाग मी बदलतो, पाऊस पिकाशी जोडलेला असावा, पण तो निवडण्याचा हक्क खेळणाऱ्याकडे असावा. लहान वावर आणि हातकाम या दोन गोष्टींना दुष्काळाची गरज नाही, त्या तशाही आणता येतील.

संत्र्यासाठी माझी पूर्ण साथ.

---

पूर्वाताई (हिंगणघाट तालुका)

इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्याकडे फोनवर २० आहे, कापूस त्यातही आहे.

वेच्यावर सगळे भाऊ लिहितात म्हणून सांगते, मी बारा वर्षं वेचते, आमच्या वावरातही आणि मजुरीनंही. वेचा खेळात आणायचाच असेल तर तो काय असते ते नीट समजून आणावं. नाहीतर बटण दाबलं की बाई कापूस तोडते असं होईल, त्यापेक्षा नाही आणला तर बरा.

पहिल्या वेच्याआधी आम्ही सीतादही करतो. वावरात पऱ्हाटीजवळ (कपाशीच्या झाडाजवळ) दही-भात ठेवतो, मग हात लावतो. कमरेला ओटी बांधलेली असते. बोंड चार-पाच पाकळ्यांत फुटते, प्रत्येक पाकळीचं टोक वाळलं की सुईसारखं होते. बोटं आत घालून पाचही बोटांनी एका ओढीत सगळी सरकी-रुई बाहेर यावी लागते. पाकळीचा तुकडा आला, वाळलं पान आलं की कापसात काडीकचरा जातो आणि मालाचा दर्जा उतरतो. किडकं बोंड वेगळं ठेवायचं, त्याला कवडी म्हणतात. उजव्या हाताची ओळ आणि डाव्या हाताची ओळ एकदम चालते. जुनी बाई मान वर न करता दोन ओळी घेत जाते, नवी मुलगी एकाच ओळीत अडकते. पहिल्या आठवड्यात नखाच्या बाजूची कातडी फाटते. रात्री तेल लावून झोपायचं.

आणि एकाच वेळी सगळी बोंडं कधीच फुटत नाहीत. खालची आधी, वरची नंतर. म्हणून तीन-तीन, चार-चार वेचे होतात, दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढे. पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा कापूस चांगला, शेवटच्याचा पिवळट. भाव वेगळा. खेळात एकदा मशीन फिरवली की पीक संपलं. त्यांनी निदान एवढं केलं की त्याच शेतात तीनदा जावं लागते आणि प्रत्येक वेळेला माल वेगळा निघते, तरी मला वाटेल की कोणीतरी आमच्याकडे बघितलं.

एक गोष्ट मात्र या खेळानं मला दिली. १७ पासून कॉम्प्युटरवर बाई म्हणून खेळता येते असं माझ्या भावानं सांगितलं, मग त्याच्याकडे बसून एकदा खेळले. मी वावर विकत घेतलं आणि ते माझ्या नावावर झालं. आमच्या घरच्या सातबाऱ्यावर माझं नाव नाही. त्या दिवशी मी तो नकाशा उघडून माझ्या रंगातलं वावर कितीतरी वेळ बघत बसले होते. रात्रपाळी भाऊंना जे गव्हात भेटते ते मला तिथे भेटलं.

---

मामातलाव

ताई, तुम्ही लिहीत राहा. रोवणीच्या बायांनाही हे वाचून दाखवतो.

---

गाविलगड (अचलपूर, सध्या पुण्यात)

मी खेळांसाठी थ्रीडी मॉडेल करतो, आणि हौसेनं या मालिकेचे मॉड, म्हणजे खेळाडूंनी खेळात घातलेल्या जोडण्या, बनवतो. त्यामुळे कंपनी कधी काय करेल यापेक्षा आपण आज काय करू शकतो त्यावर लिहितो.

या मालिकेत पुढची दिशा बऱ्याचदा बाहेरच्यांनी दाखवली आहे. ऋतू २२ मध्ये अधिकृत आले, पण त्याच्या आधी १७ आणि १९ मध्ये हौशी लोकांनी ऋतूंचा मॉड केला होता आणि हजारो जण तोच लावून खेळत होते. कंपनीनं बघितलं की लोकांना वर्ष पाहिजे, पीक-पंचांग पाहिजे, आणि ते मूळ खेळात आणलं. मातीचे नमुने घ्यायचे, सामू बघायचा, नत्र मोजून द्यायचं, हे सगळं प्रिसिजन फार्मिंग म्हणून फुकट जोड दिली, तीही शेतीशिक्षणासाठीच्या युरोपीय प्रकल्पातून. म्हणजे दार उघडं आहे. चालवून दाखवलं तर ते बघतात.

काय जमेल, काय जमणार नाही ते सांगतो.

नकाशा जमेल. नकाशा बनवायचा जायंट्स एडिटर फुकट मिळतो. नेहमीचा नकाशा उभा-आडवा दोन-दोन किलोमीटरचा असतो, म्हणजे हजार एकराच्या आसपास. आपल्याकडच्या एका लहान गावाचं शिवार त्यात अख्खं बसतं. जमिनीचा चढउतार एका काळ्या-पांढऱ्या चित्रातून येतो, जितकं पांढरं तितकं उंच. हे चित्र अवकाशातून मोजलेल्या उंचीच्या फुकट माहितीवरून काढता येतं. अडचण एकच, एसआरटीएम नावाच्या त्या माहितीचा एक ठिपका ३० मीटरचा असतो. नाला दिसेल, टेकडी दिसेल. धुरा दिसणार नाही. प्रत्येक धुरा हातानं काढावा लागेल. मला हे काम कंटाळवाणं वाटत नाही, पण वेळ लागेल.

कपाशीत तूर जमेल. खेळात रान बारीक ठिपक्यांचं असतं आणि एका ठिपक्यात एकच पीक राहतं. म्हणजे एकाच जागी दोन पिकं मिसळता येत नाहीत, पण आठ ओळी कपाशी आणि दोन ओळी तूर अशा पट्ट्या पाडता येतात. तूर हे नवं पीक म्हणून घालावं लागेल. वाढीच्या प्रत्येक टप्प्याचं झाड वेगळं करायचं: दोन पानांचं, गुडघ्याएवढं, फुलावरचं, शेंगेवरचं. त्याचे फोटो मला लागतील.

माल लिटरमध्ये मोजला जातो, तो पडद्यावर क्विंटलमध्ये दाखवणं सोपं आहे.

तीन वेचे जमतील असं वाटतं. गवत कापलं की पुन्हा वाढतं ना, तीच पद्धत कपाशीला लावायची. पहिल्या कापणीनंतर झाड मागच्या टप्प्यावर जाईल आणि पुन्हा फुटेल. पूर्वाताई म्हणतात तसा प्रत्येक वेच्याचा माल वेगळा ठेवायचा असेल तर स्क्रिप्ट, म्हणजे थोडा कोड, लिहावी लागेल. स्क्रिप्टचे मॉड प्लेस्टेशन-एक्सबॉक्सवर चालत नाहीत, फक्त कॉम्प्युटरवर. पाऊस पिकाशी जोडणं हेही स्क्रिप्टचंच काम.

बैलजोडी सगळ्यात कठीण. खेळात ओढणारं जनावर नाही. एक युक्ती आहे, जोडी ही गाडी म्हणून बनवायची, चाकं अदृश्य ठेवायची आणि चालीच्या वेगावर पायांची हालचाल बांधायची. सरळ ओळीत चांगलं दिसेल. वळताना पाय घसरल्यासारखे दिसतात, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

मामातलाव यांचं उतरतं पाणी मला जमणार नाही. ते कंपनीनंच करायला पाहिजे.

---

कृषीविद्यार्थी (अकोला)

एक मुद्दा राहिला. धाग्यात मशीन म्हणजे परकी आणि हात म्हणजे आपले असं चाललंय. पण आपल्याकडे मशीन का चालत नाही हे बघितलं तर खेळालाही दिशा सापडते.

आपली कपाशी उंच, पसरट आणि टप्प्याटप्प्यानं फुटणारी. मशीनला बुटकी, सडपातळ आणि एकदम फुटणारी झाडं लागतात, आणि वेचणीआधी पानं गाळावी लागतात, नाहीतर कापसात पाला येतो. म्हणून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सघन लागवडीवर काम करते, ९० सेंटिमीटरच्या ओळी आणि दोन झाडांत १५ सेंटिमीटर. झाडं जास्त, प्रत्येक झाडावर बोंडं कमी, पण लवकर आणि सोबत. एक फायदा असा की हंगाम लवकर आटोपतो आणि गुलाबी बोंडअळीला शेवटच्या बोंडांवर जगायला जागा कमी राहते. २०१७ ला त्या अळीनं विदर्भात काय केलं ते इथे सगळ्यांना आठवत असेल.

खेळात हा निवडीचा प्रश्न ठेवा. पारंपरिक लागवड केली तर हातानं तीन वेचे, मजूर जास्त, मशीन घालता येणार नाही. सघन केली तर बियाणं जास्त लागेल, पण शेवटी लहान मशीन चालेल. हाच निर्णय गावात लोकांपुढे येऊन उभा आहे, कारण वेचायला माणूस मिळत नाही.

---

पूर्वाताई

विद्यार्थीदादा, माणूस मिळत नाही असं सगळे म्हणतात. आमच्या गावात वेचणाऱ्या बहुतेक चाळिशीच्या पुढच्या आहेत. माझ्या मुलीनं हे काम करू नये असं मला वाटते. मशीन आली तर येऊ द्या. पण ती यायच्या आधी कसं होतं ते खेळात राहिलं तर माझ्या मुलीला कळेल की तिची आई कोणत्या कामात हुशार होती.

---

सायबरकट्टा

पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं की डवऱ्याला जागा कोण देईल. आता म्हणतो, आपणच देऊ. टेस्टिंगला मला धरा. माझ्या कॉम्प्युटरला ८ जीबी रॅम आहे, म्हणजे खेळाची किमान गरज. माझ्याकडे जे चालेल ते सगळ्यांकडे चालेल.

एक मागणी. १७ पासून खेळात मालाची रेल्वे आहे. आपल्या नकाशात शकुंतला टाका. मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी लाइन इंग्रजांच्या काळात कापसासाठीच टाकली होती. खेळात तरी तिच्यात पुन्हा गठाणी भरू.

---

रात्रपाळी

शकुंतला टाकली तर मी नक्की खेळीन. आजीच्या तोंडून लई ऐकलं.

---

काळीमाती

शकुंतला टाकूच.

गेल्या तीन आठवड्यांत काय झालं ते सांगतो. गाविलगडनं आमच्या शिवाराचं उंचीचं चित्र काढून दिलं. नाला बरोबर आला. आमच्या वावराच्या वरच्या अंगाला थोडा उतार आहे, पाऊस जोराचा झाला की तिथली माती धुपून खाली येते, तो उतारसुद्धा आला. धुरे मी हातानं काढतोय. सोळा वावरांचे झाले. एका धुऱ्यावर आमचं कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्या सावलीत बाया जेवायला बसतात, ते पहिलं लावलं.

आईला दाखवलं. तिनं स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं, इथे पांदण इतकी रुंद नाही, बैलगाडी समोरून आली की एकाला थांबावं लागते. मग मी पांदण अरुंद केली. खेळातला मोठा ट्रॅक्टर त्यातून जात नाही. तसंच ठेवलंय.

बैल आमच्याकडे आता नाहीत, बाबांनी तीन वर्षांपूर्वी विकले. शेजारच्या काकांकडे एक जोडी आहे. पोळ्यानंतर त्यांच्या डवरणीचा व्हिडिओ घेतला होता, बैल वळताना आतला पाय कसा टाकतो ते त्यात साफ दिसते. गाविलगड, तुला पाठवतोय. वळणाचा प्रश्न त्यातून सुटतो का बघ.

पावसाचं बटण ठेवणार आहे. सुरुवातीला ते बंद राहील, ज्याला पाहिजे तो चालू करेल. रात्रपाळी दादा, संत्र्याची बाग नाल्याच्या पलीकडे आहे, ३०० झाडं.

तूर कोणाकडे फुलावर आहे त्यांनी फोटो काढून ठेवा. जवळून एक, कमरेच्या उंचीवरून एक, आणि ओळीच्या टोकाला उभं राहून एक.

---

गाविलगड

व्हिडिओ मिळाला. बैल वळताना आधी थांबतो आणि काका कासरा ओढतात, मग आतला बैल जागच्या जागी फिरतो, बाहेरचा गोल जातो. मी दोघांना एकाच वेगानं फिरवत होतो, म्हणून पाय घसरत होते. दोघांचा वेग वेगळा करून बघतो.

ओळीत अंतर किती ठेवू?

---

काळीमाती

चार बाय एक फूट. आमच्याकडे सगळे चार बाय एकच लावतात. डवरा बसला पाहिजे.